गर्मीची वजावट

झाशीजवळच्या बिजौलीत थंडगार हवा कुठे मिळेल असं कुणी विचारलं, तर भालेराव क्वालिटी सर्व्हिसेसच्या मशीनच्या खोलीत मिळेल, असं खुशाल सांगावं. माणसांच्या खोल्यांत मात्र मिळणार नाही. माणसं पत्र्याच्या छपराखाली घाम पुसत बसायची. अनुयाच्या टेबलावरचा पंखा कागद तेवढे उडवायचा. घाम वाळवणं हे आपलं काम नाही, असं त्यानं ठरवूनच टाकलं होतं. मशीनच्या खोलीला मात्र खिडकी भरून उरेल एवढा कूलर होता. तिन्ही बाजूंनी ताजे वाळ्याचे पडदे, दिवसातून दोनदा टाकी भरायची, आणि ती भरली की नाही हे बघायला स्वतः मालक उभे. घरच्या जावयाचीसुद्धा कुणी एवढी बडदास्त ठेवत नाही.

मालक म्हणजे दत्तात्रेय भालेराव. मूळचे चिपळूणचे. तरुणपणी एका सरकारी कंपनीत इंजिनिअर म्हणून झाशीला आले, इथेच निवृत्त झाले, इथेच घर बांधलं. पण बोलताना 'आमच्याकडे' म्हणत ते अजून चिपळूणबद्दलच. निवृत्तीनंतर स्वस्थ बसवेना, म्हणून त्यांनी ही कंपनी काढली. आजूबाजूच्या कारखान्यांत टाक्या, बॉयलर, पाइप बनतात. त्यांच्या वेल्डिंगमध्ये आत कुठे चीर राहिली आहे का, हे गॅमा किरणांनी फोटो काढून बघायचं, हा धंदा. त्यासाठी एक जड पेटी असते, तिला कॅमेरा म्हणतात. पेटीच्या पोटात, तारेच्या टोकाला, डाळीच्या दाण्याएवढा किरणोत्सारी तुकडा. एरवी पेटी आणि मीटर मशीनच्या खोलीत असतात; फोटो काढताना पेटी अंगणापलीकडच्या जाड भिंतींच्या खोलीत ठेवायची, सगळ्यांनी बाहेर यायचं आणि बाहेरून हँडल फिरवायचं. तुकडा नळीतून बाहेर जातो, फोटो निघतो, हँडल उलटं फिरवलं की तुकडा परत पेटीत. परत आला की नाही हे डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही, अंगाला चटकाही बसत नाही. ते फक्त मीटर सांगतो. म्हणून खोलीत पाऊल टाकण्याआधी मीटर बघायचा. सगळा धंदा या एका वाक्यावर उभा असतो.

ते वाक्य पाळलं जातंय ना, हे बघणं अनुयाचं काम. ती तिथली रेडिएशन सेफ्टी ऑफिसर. तिचे पूर्वज पेशव्यांच्या काळात इथल्या एका सरदाराचे उपाध्ये म्हणून आले आणि इथलेच झाले. माहेरी अजून कपाटाला फडताळ म्हणतात आणि दूधवाल्याशी बुंदेलीत भांडतात. भालेराव तिचं मराठी दुरुस्त करत. "'कपडे सुखले' नाही गं, वाळले. तुम्ही झाशीकर मराठी बोलता की हिंदीला नऊवारी नेसवता?" असं म्हणून स्वतःच हसत. अनुयाही हसायची. पगार देणाऱ्याच्या विनोदाला हसावं लागतं, त्याला काही इलाज नाही.

मे-जूनमध्ये झाशीची हवा इतकी कोरडी असते की धुतलेली चादर दोरीवर टाकेपर्यंत वाळते. तेव्हा कूलर म्हणजे देवमाणूस. पण श्रावण आला की हवेत उमस भरते आणि मग कूलर हवा गार करत नाही, नुसती ओली करतो. हे झाशीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. घरोघरी लोक कूलरचं पाणी बंद करतात. भालेरावांच्या घरीसुद्धा करतात. पण मशीनच्या खोलीत त्यांनी ते दुप्पट केलं, कारण मीटरचा काटा चढायला लागला होता.

मीटरच्या आत हवेची एक छोटी डबी असते. किरण आले की तिच्यातून अगदी बारीक वीज वाहते आणि काटा हलतो. ती वीज इतकी नाजूक, की आत ओल धरली तर ती भलत्याच वाटेनं पाझरते आणि किरण नसतानाही काटा चढतो. भालेरावांनी चढलेला काटा बघितला आणि कपाळावर हात ठेवावा तसा मीटरवर ठेवला.

"गरम झालाय बिचारा," ते म्हणाले. "कूलर फुल करा."

कूलर फुल झाला. काटा आणखी चढला. म्हणजे उकाडा वाढला, असं ठरलं. वाळ्याचे पडदे बदलले. काटा आणखी चढला. मग मीटरला टेबलावरून उचलून थेट कूलरच्या तोंडाशी बसवला. एखाद्याला सर्दी झाली म्हणून रोज थंड पाण्यानं न्हाऊ घालावं आणि शिंका वाढल्या की पाण्यात बर्फ टाकावा, असा सगळा मायेचा कारभार.

भिंतीवर एक धोक्याची घंटा होती, लाल दिव्याची. तिच्यातही ओल शिरली. ती दिवसभर कोकलायची. कारखान्यात आलेलं गिऱ्हाईक घाबरतं, म्हणून भालेरावांनी तिची तार काढून ठेवली. आणि मग त्यांनी तो फतवा काढला. सरकारी कंपनीत सगळी हयात गेलेली. एखादी अडचण सुटत नसेल तर तिच्यावर परिपत्रक काढायचं, एवढं ते शिकले होते.

'आजपासून दिवाळीपर्यंत मीटरच्या आकड्यातून पंचवीस वजा करून वाचावे. कारण: गर्मी.'

खाली सही. वर लॅमिनेशन. किरणांच्या खोलीच्या दाराशी ते चिकटवलं. त्या जागेत ओल लागणार नाही अशी तेवढी एकच वस्तू होती.

"सर, ही गर्मी नाही," अनुया म्हणाली. "उमस आहे. मीटरमध्ये ओल गेलीय. कूलर बंद करू या."

"ओल?" भालेराव खुर्चीत मागे रेलले. "अग अनुया, मी चिपळूणचा. आमच्याकडे चार महिने भिंतींना बुरशी येते. चामड्याच्या चपलेवर गवत उगवतं. मला तू ओल शिकवणार? या झाशीत लोकांच्या विहिरीला ओल नसते, ती मीटरला कुठून येणार?"

"मीटरच्या डब्यातली पुडी बघा, सर. ओल शोषायचे दाणे असतात त्यात. निळे असले म्हणजे कोरडे. आता ते गुलाबी झालेत."

भालेरावांनी पुडी उजेडात धरून बघितली.

"छान दिसतायत की," ते म्हणाले.

 अनुयानं त्यांना लेखी मेल पाठवली, नवा मीटर मागितला, दुरुस्तीला पाठवा म्हणाली. भालेराव प्रत्येक वेळी "बघू, दिवाळीनंतर" म्हणाले. दिवाळीनंतर हवा आपोआप कोरडी होणार होती, मीटर आपोआप शहाणा होणार होता आणि कूलर लागू पडला असं सिद्ध होणार होतं. असला माणूस चुकतोय हे त्याला पटवून देणं परमेश्वरालाही कठीण.

एरवी अनुयानं हे भांडण चवीनं लढवलं असतं. पण या वर्षी तिच्याकडे चव घ्यायला सवड नव्हती. लग्नाला आठ वर्षं झाली होती, दोनदा आशा लागून गेली होती, आणि आता तिसऱ्यांदा तिला दिवस गेले होते. घरात फक्त तिघांना माहीत: तिला, नवऱ्याला म्हणजे कौशिकला, आणि सासूबाई अनुसूयाबाईंना. तिसरा महिना सरेपर्यंत बाहेर अवाक्षर काढायचं नाही, अशी अनुसूयाबाईंची ताकीद होती. तशी गरोदर बाईनं कामावर सांगावं असा नियम आहे, आणि तो नियम दुसऱ्यांना शिकवायचं काम अनुयाचंच. पण भालेराव काय करणार हे तिला ठाऊक होतं. "अरे वा!" म्हणून पेढे मागणार, तिला घरी बसवणार, कागदावर दुसऱ्या कुणाचं तरी नाव लावणार आणि पंचवीस वजा करत काम चालू ठेवणार. नाही म्हणणारं एकच माणूस तिथे होतं, तेही घरी.

ती किरणांच्या खोलीत पाऊल टाकत नव्हतीच, दारापासूनही लांब राहायची. अंगावर किती किरण पडले याची नोंद ठेवणारा बॅज छातीवर होता, पण बॅजचा निकाल तीन महिन्यांनी येतो, आणि सुट्टीच्या दिवशी ते बॅजही त्याच कूलरच्या खोलीत टांगलेले असायचे; ओल खाल्लेल्या बॅजचं तरी काय खरं? रात्री कौशिक विचारायचा, "आज कितना था?" तो रेल्वेच्या ऑफिसात कारकून, मराठी त्याला सगळं समजतं, पण जीव घाबरला की तोंडातून हिंदीच निघते. अनुया म्हणायची, "पता नहीं." ज्या बाईची सगळी नोकरीच आकडा सांगायची आहे, तिनं स्वतःच्या पोटातल्या जिवाबद्दल 'पता नहीं' म्हणायचं, याचा तिला भयंकर संताप यायचा. तिला दुसरं काही नको होतं. एक खरा आकडा हवा होता.

शेवटी एका शनिवारी तिनं मीटर पिशवीत घातला आणि सरळ नगरा वस्तीतल्या आपल्या घरी आणला. गुलाबी दाणेही आणले. जुन्या, टाकून दिलेल्या तव्यावर मंद आचेवर ते परतायला घेतले.

"काय भाजतेस गं? साबुदाणा?" अनुसूयाबाईंनी डोकावून विचारलं.

"खायचं नाही, आई. हात पण लावू नका. मीटरचं औषध आहे."

दाणे हळूहळू परत निळे झाले. सासूबाई डोळे विस्फारून बघत राहिल्या. मग त्यांनी फडताळातून पापडांचा घट्ट झाकणाचा डबा काढला, त्यातले पापड बिनतक्रार परातीत ओतले आणि डबा सुनेच्या पुढ्यात ठेवला. मीटर त्यात बसला, भोवती निळे दाणे, वर झाकण, झाकणाला पट्टी. रविवारभर तो डबा देवघरासमोर होता. अनुसूयाबाईंनी जाता-येता त्याला नमस्कारही केला असेल. अनुयानं विचारलं नाही.

सोमवारी मीटर मशीनच्या खोलीत नेला तेव्हा काटा शून्याच्या जरा पुढे जाऊन शहाण्यासारखा थांबला. पेटी बंद असताना जेवढा दाखवायला हवा तेवढाच.  इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा तिच्या हातात खरं काहीतरी होतं.

भालेरावही बघायला आले. त्यांनी काटा बघितला, कूलर बघितला, आणि त्यांचा चेहरा फुलला.

"बघितलंस? लागू पडला की नाही कूलर?"

"सर, मी घरी नेऊन कोरडा केला..."

"असू दे, असू दे. तुझीही मेहनत आहेच."

"मग आता ती वजावट काढू या. मीटर खरा बोलतोय."

भालेरावांना हे रुचलं नाही. "दिवाळीपर्यंत म्हणून लिहिलंय ना? परिपत्रक एकदा निघालं की मुदत संपेपर्यंत चालवायचं असतं. रोज बदलायला लागलो तर माणसांचा गोंधळ होईल." मग आवाज मऊ करून म्हणाले, "आणि कमी दाखवलं तर काय बिघडतं? माणसं निर्धास्त राहतात."

मीटर तेवढा तिनं संध्याकाळी पापडांच्या डब्यातून घरी न्यायला सुरुवात केली. पण त्या खोलीत मीटर एकटा नव्हता. तीच ओली हवा कॅमेऱ्यालाही लागत होती. फक्त कॅमेऱ्याला काटा नव्हता, म्हणून त्यानं तक्रार केली नव्हती. तुकडा परत पेटीत आला की कुलूप खट्‌ करून बसतं. पावसाळा लागल्यापासून ते खट्‌ वाजेनासं झालं होतं. हँडल फिरवणारा आशिष त्यालाही सरावला होता. हँडल अडलं की तो समजायचा, आला. आशिष चाळिशीचा, कामाला वाघ, आणि परिपत्रकावर सहीवाल्या माणसाइतकाच विश्वास ठेवणारा.

गुरुवारी एका मोठ्या टाकीचे फोटो काढायचे होते. गाडी दाराशी उभी, गिऱ्हाइकाचा फोन सारखा वाजत होता, आणि भालेराव स्वतः उभे राहून घाई करत होते. अनुया तिच्या ठरलेल्या खुणेशी, दारापासून लांब. पहिला फोटो झाला. आशिषनं हँडल उलटं फिरवलं. ते अडलं. खट्‌ झालं नाही.

"आ गया," आशिष म्हणाला आणि दुसरी फिल्म घ्यायला वळला.

"रुको, भैया." अनुयानं मीटर उचलला आणि हात लांब करून दाराच्या दिशेनं धरला. काटा उठला तो थांबेचना. चाळिसावर गेला.

 ती झपाझप मागे सरकली. आत शिरायच्या वाकड्यातिकड्या वाटेच्या दोन भिंती ओलांडून इतक्या लांब चाळीस, तर आत नळीजवळ किती, हे दाखवायला त्या मीटरवर जागाच नव्हती. तुकडा पेटीत गेला नव्हता. तो वाटेतच कुठेतरी अडकून उघडा बसला होता.

"चाळीस! कोई अंदर नहीं जाएगा. सोर्स बाहर है."

आशिषनं दाराशी चिकटवलेल्या कागदाकडे बघितलं. "चालीस में से पच्चीस गए, मैडम जी. पंद्रह. पंद्रह तो रोज आता था."

"ते ओल्या मीटरचे पंधरा होते! हा कोरडा आहे!"

"अग, ओरडतेस काय?" भालेराव तरातरा आले. "आण इकडे तो मीटर. हात लाव बघ. केवढा तापलाय!" त्यांनी तो तिच्या हातातून घेतला आणि अंगण ओलांडून थेट मशीनच्या खोलीत, कूलरच्या तोंडाशी नेऊन धरला. काटा सर्रकन खाली आला. येणारच. किरणांची खोली मागे राहिली होती, मध्ये अख्खं अंगण आणि दोन भिंती. एवढ्या लांबून मीटर दुसरं काय दाखवणार?

"बघा!" भालेराव तिथूनच ओरडले. आवाजात केवढा आनंद! "कूलरसमोर धरला की उतरला! मी काय सांगत होतो? आशिष, जाओ तुम. फिल्म बदलो."

इंजिनिअर माणूस. पदवी, पदक, निवृत्तीच्या वेळी मिळालेलं घड्याळ. आणि चुलीपासून लांब जाऊन आग विझली म्हणत होता.

आशिष फिल्म घेऊन निघाला. अनुयानं त्याची बाही धरायला हात पुढे केला, पण तो सुटला. त्याला अडवायचं तर त्याच्या पुढे जाऊन दारात उभं राहायला हवं होतं. तिचा एक पाय उचललाही गेला. आणि तिथेच थांबला. उभ्या आयुष्यात इतकं भित्रं आणि इतकं बरोबर पाऊल तिनं टाकलं नव्हतं.

"आशिष भैया!" ती किंचाळली. "मेरे पेट में बच्चा है! मैं तुम्हें निकालने अंदर नहीं आ सकती!"

आशिष जागच्या जागी थिजला. तिकडे भालेरावांच्या हातातला मीटर खाली आला. 

"काय?" भालेराव म्हणाले.

"तिसरा महिना चालू आहे, सर." आता तिला थांबता येईना. "तिथे चाळीस आहे. माझ्यासाठी सांगा, यातून किती वजा करायचे? बोला ना! पंचवीस? की बाळाला थोडे जास्त?"

पुढे जे झालं ते बघण्यासारखं होतं. ज्या माणसानं दोन महिने मीटरचा एक शब्द मानला नव्हता, त्यानं पोटाचा शब्द एका क्षणात मानला. भालेराव अंगणातून धावत आले, हात पसरून तिच्या आणि त्या दाराच्या मध्ये उभे राहिले, जणू काय किरण त्यांच्या पोटाला अडणार होते. "मागे हो! मागे हो आधी! पार फाटकापर्यंत जा! आशिष, अरे मूर्खा, तिथे काय उभा आहेस? चाळीस! चाळीस म्हणजे काय खेळ वाटला तुला?"

आशिष बिचारा फिल्म छातीशी धरून मागे मागे येत होता. ते पंधरा एकाएकी परत चाळीस कसे झाले, हे काही त्याच्या ध्यानात येत नव्हतं.

"त्याच्या घरी पण दोन पोरं आहेत, सर," अनुया म्हणाली. "त्यांचा बाप पंधरावर पाठवत होतात."

 भालेरावांनी दाराशी जाऊन कागद फाडण्यासाठी दोन पावलं टाकली, मग दार कुठल्या दिशेला आहे हे आठवून ते परत फिरले. त्यांना पहिल्यांदा भीती वाटली होती, आणि ती त्यांना शोभून दिसत होती.

सगळे फाटकाबाहेर गेले, दोरी बांधली, किरणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी ऑफिसला कळवलं, काम बंद झालं. कॅमेरा पुरवणाऱ्या कंपनीची माणसं मुंबईहून आली. त्यांनी लांब चिमटे आणि शिशाच्या पोत्यांनी तो तुकडा पेटीत परत घातला. मग पेटीचं कुलूप आणि तार खोलून बघितली. तारेला गंजाचा लाल चिखल लागला होता, कुलपाची स्प्रिंग हातात तुटून आली.

"ही पेटी कुठल्या बंदरावर होती?" त्यांच्यातल्या म्होरक्यानं विचारलं. "अशी गंजलेली आम्ही कोकणातच बघतो."

चिपळूणचे भालेराव जमिनीकडे बघत उभे राहिले. अनुयानं बोटानं कूलर दाखवला. तो तेव्हाही चालूच होता. पळापळीत बंद करायचं कुणाला सुचलं नव्हतं.

माणूस सुधारतो असं म्हणतात. भालेरावही सुधारले, आपल्या पद्धतीनं. वजावटीचा कागद त्यांनी स्वतः नखांनी खरवडून काढला. लॅमिनेशन इतकं चांगलं होतं की निम्मा रंग त्याच्याबरोबर आला. भिंतीवरची घंटा जोडली. मशीनच्या खोलीला कोरड्या हवेचं यंत्र बसवलं. आणि दुसऱ्याच दिवशी तो कूलर दोन माणसांच्या खांद्यावरून अनुयाच्या टेबलाशी आला. "अशा दिवसांत उकाडा सोसू नये गं," भालेराव म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. अनुयानं तो आशिषच्या छपराखाली लावून घेतला. त्याच्यात पाणी न घालता नुसता पंखा चालवायचा, ही अट घालून. रागावावं की हसावं हे तिला कळलं नाही. असल्या माणसावर धड रागावताही येत नाही, हा त्यांचा सगळ्यात मोठा गुन्हा.

बॅजचे निकाल घाईनं मागवून घेतले. सगळ्यांचे शून्याजवळ. कौशिकनं पेढे आणले. अनुयानं पेढा खाल्ला, आणि रात्रभर तिला झोप आली नाही. बॅज कुठे टांगलेले असायचे हे कौशिकला माहीत नव्हतं.

पुढच्या सोमवारी सोनोग्राफी होती. डॉक्टर इंदिरा श्रीवास्तव यांचा दवाखाना जुना, खोली लहान, आणि खिडकीत कूलर. पाण्याचा. भरलेला. त्याची ओली हवा थेट त्या यंत्राच्या पाठीवर येत होती. अनुया टेबलावर झोपली होती, पोटावर गार जेल लावून झालं होतं, आणि ती उठून बसली.

"डॉक्टर साहब, पहले वो बंद कीजिए."

"इतनी उमस में?"

"बंद कीजिए. प्लीज."

तिच्या तोंडाकडे बघून डॉक्टरांनी बटण बंद केलं. कूलर घरघरत थांबला. दोन मिनिटांत खोलीची भट्टी झाली. कौशिक शर्टाच्या बाहीनं कपाळ पुसत होता, डॉक्टरांच्या चष्म्यावर वाफ धरली होती, कोपऱ्यात बसलेल्या अनुसूयाबाई पदरानं वारा घेत होत्या. डॉक्टरांनी पोटावरून यंत्र फिरवलं, थांबवलं, परत फिरवलं. पडद्यावर काहीतरी करड्या रंगाचं हललं.

"एक सौ बासठ," डॉक्टर म्हणाल्या. "बढ़िया."

अनुया छताकडे बघत होती. "पक्का?" तिनं विचारलं. "इसमें से कुछ घटाना तो नहीं है?"

"घटाना?" डॉक्टर हसल्या. "दिल की धड़कन में से कौन घटाता है?" आणि त्यांनी आवाजाचं बटण फिरवलं.

खोलीभर तो आवाज घुमायला लागला. भरभर, न थांबता, कुणाचीही परवानगी न घेता. अनुया रडत होती आणि घामही पुसत होती. कौशिकनं विचारलं, "कूलर चला दूँ अब?"

"नको," ती म्हणाली. "थोडा वेळ असंच राहू दे."